जत्रेचं आवतन

अहमदपूरच्या स्टँडवर माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. तिच्या पलीकडं मोबाइलमध्ये मान घातलेला तिशीतला माणूस.

“काय बघून राहिला रं बाबा कवापासून?”

“गेम हाय, मावशी. त्यात आम्ही खेळणाऱ्यांनी मिळून वसवलेलं गाव हाय. काल तिथं जत्रा भरवली. पाळणे, रेवड्यांची दुकानं, कुस्त्यांचा फड, समदं मी एकट्यानं मांडलं.”

“मानसं लई आली असतील.”

“एक बी न्हाई.”

“आवतन दिलं व्हतं का?”

“ग्रुपवर टाकलं व्हतं.”

“तसं कोण येतंय? घरोघर जाऊन, दारात उभं राहून सांगावं लागतंय.”

“त्यांची घरं कुठं ठाव हायत मला? इतकी वर्षं संगं खेळून राहिलो, खरी नावं बी माहीत न्हाईत.”

म्हातारी त्याच्याकडं वळून बसली.

“आमच्या गावची जत्रा सोमवारी हाय. माझ्या घरी जेवायला ये. हे तोंडी आवतन समज.”

“येतो की, मावशी. नक्की येतो.”

तेवढ्यात गाडी लागली. म्हातारी गर्दीतून चढली आणि गाडी सुटली. तो हात हलवत राहिला. मग माझ्याकडं वळला.

“काका, मावशीचं गाव कोणतं हो? मी इचारलंच न्हाई.”