बॅगेत मावणारा रॉड

पिंपळगावच्या बसमध्ये माझ्या मांडीवर बाळ कसंबसं झोपलं होतं. पुढच्या बाकावरचे आजी-आजोबा मोबाईलवर मासे धरायचा रॉड निवडत होते.

“कुसुम, हा बघ. दुर्बिणीसारखा आत सरकतो. आपल्या बॅगेत मावेल आणि स्वस्तही आहे.”

“नाशकात कुठला समुद्र?”

“भाऊबीजेला हर्णैला जाऊ ना.”

“दादा गेला. आता तिथं ओवाळू कोणाला?”

“दादांचा गळाचा बांबू आठवतो? लग्नानंतर तू तो एसटीतून नाशकाला आणलास, तर कंडक्टर म्हणाला, याचंही तिकीट काढा.”

“आणि तुम्ही काढलंत.”

“नवा जावई होतो. सासरच्या गावात भांडू कसा?”

“दादा मला खडकावर पुढे उभं करायचा. गरी मी टाकायची आणि मासा लागला की ओरडायचा तो.”

“मग हाच घेऊ?”

“नको.”

आजोबांनी मोबाईल खिशात टाकला. मी बाळाचं टोपडं उगाच सारखं केलं.

“अहो, ठेवलात काय? सरकणारा नको म्हटलं. वाळू शिरली की अडकून बसेल. तुकड्यांचा, जोडायचा बघा. आणि मूठ लांब हवी. मला आता गरी दोन्ही हातांनी टाकावी लागेल.”