पांढरा छावा आणि आमची दोन पोरं

मी नाटे गावचा, राजापूर तालुक्यात, समुद्राला लागून. वडील होडीवर जायचे, मी पण गेलो, पण मला समुद्र लागायचा, उलट्या व्हायच्या, काय सांगू तुमाला, खारव्याचं पोर आणि समुद्र लागतो, लोक हसायचे. मग लग्न झालं. बायको सुमती, माझ्या मामाचीच मुलगी. आईनेच हट्ट धरला, भावाची पोर परक्या घरात कशाला जाऊ द्यायची म्हणून. आमी पण खूश होतो, लहानपणापासून एकत्र खेळलेले.

पहिला मुलगा झाला. सहा महिन्यांचा झाला तरी मान धरेना. रत्नागिरीला नेला, मग मुंबईला नेला, डॉक्टरांनी कागदावर काय काय लिहिलं, मला कळलं नाय आणि विचारायचं धाडस पण झालं नाय. वर्षाच्या आत गेला. मग मुलगी झाली, तिचं पण तसंच, मान एका बाजूला पडायची, दूध ओढता यायचं नाय, सुमती चमच्याने थेंब थेंब पाजायची. ती पण गेली. तिसऱ्याचं नाव मग आमी काढलंच नाय.

आई तेव्हापासून सुमतीला बोलायला लागली. पांढऱ्या पायाची आहे म्हणायची, माझ्या पोराचं वाटोळं केलं म्हणायची, स्वतःच्या भावाची पोर, पण बोलायची. आणि मी गप्प बसायचो. मग गल्फला गेलो, खरं सांगू, घरातून सुटायला गेलो.

तिथे एका अरबाने हौसेने जनावरं पाळली होती, मी पिंजरे धुवायला. सिंह पांढरा असतो हे मला तिथे कळलं. दुधासारखा नाय हो, साईसारखा, डोळे निळसर. मालकाला पांढरेच छावे पाहिजे होते. तिथले जनावरांचे डॉक्टर केरळचे, माझ्याशी हिंदीत बोलायचे. मी एकदा विचारलं, डॉक्टरसाब, ही जोडी साधी पिवळी, मग पिल्लू पांढरं कसं. ते बोलले, हा रंग म्हणजे रोग नाय, तो आईत पण लपलेला असतो, बापात पण, दोघं दिसायला पिवळीच. पिल्लाला दोघांकडून मिळाला तरच पांढरं होतं, एकाकडून मिळाला तर नाय. म्हणून मालक सख्खी भावंडंच एकत्र ठेवतो, दोघांत तोच रंग लपलेला असायचा संभव जास्त. पण एका घरातली असली की नुसता रंग जुळत नाय, लपलेली दुखणी पण जुळतात.

पुढे एक मादी छावा झाला, साईसारखा. त्याची मान एका बाजूला पडायची. बाटली तोंडात दिली तरी ओढता येईना. मी मांडीवर घेऊन बसायचो, थेंब थेंब पाजायचो. बाराव्या दिवशी माझ्या मांडीवरच गेला. मी एवढा रडलो की डॉक्टर घाबरले, बोलले काय झालं तुला, जनावर होतं ते. मग मी त्यांना सगळं सांगितलं, मामाची मुलगी, दोन पोरं, मान. ते बोलले, तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाय, पण पोरांचं पण तसंच लपलेलं दुखणं असेल, तुझ्यातून पण आलं असणार आणि तिच्यातून पण, एकटीतून नाय.

रजेवर आलो तेव्हा सुमतीला सांगितलं. ती परसात बांगडे सुकत घालत होती. हात तसेच ठेवून ऐकत राहिली. मी बोललो, आता आईला पण सांगतो, तिच्याच माहेरचं रक्त दोन्हीकडून आलंय. तर सुमती बोलली, नको, त्या म्हाताऱ्या झाल्या, आता त्यांच्या डोक्यावर हे कशाला. मग मला विचारलं, तुमाला पण वाटायचं ना, माझ्यामुळे झालं असं. मला खोटं बोलता आलं नाय. हो बोललो. तिने उरलेले बांगडे पसरले आणि आत गेली.

आई मागच्या वर्षी गेली. शेवटी अंथरुणातच होती, सगळं सुमतीने केलं, आई तेव्हापण तिला बोलायची आणि ती ऐकून घ्यायची, तिने सांगितलं नाय आणि मला सांगू दिलं नाय.

आता घरात आमी दोघंच. भांडत नाय, हसतो पण कधी कधी. पण त्या दिवशी विचारलेलं ती विसरली नाय, मला कळतं. तुमी हे लिहिताय तर एवढं नीट लिहा, सुमतीचा काय दोष नव्हता. देव तिला बरं ठेवो.