एकाच तोंडाचा ढोल

...आन् दुसरं तोंडच न्हाय की हो त्याला! तुमाला सांगतो, ढोल म्हंजी कसा, गळ्यात अडकवायचा, एका अंगाला टिपरू, दुसऱ्या अंगाला हाताची थाप. हितं? स्टुलावर बसा, म्होरं रबराच्या ताटल्या, दोनी हातात काठ्या... मंग थाप कुठं मारू, मांडीवर? माझं म्हणणं येवढंच हाय, खेळ हाय, मान्य... पर त्याला ढोल म्हणू नगा!

त्याचं झालं आसं. दोन हजार पाच साल लागलं आन् बारामतीत स्टँडमागं रविंद्रनं आपल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात ढोल वाजवायचं मशीन आणलं, कुणाचं तरी जुनंच. आता आमच्या पिंपळीत गजीनाच, म्हंजी ढोलावरचा धनगरी नाच, त्याचा म्होरला ढोल वडलांच्या, आबांच्या मागं माझ्याकडं. तर आमचा मेव्हणा सिद्धू, कॉलेजात जातो, त्याला सोताला पायजे हुता त्यो ढोल, म्हणून ज्ञानदेवतात्यांच्या कानाला लागला. तात्या म्हंजी गजीचे म्होरके. "तात्या, दाजींचा ताल सुटतोय आताशा. मशीनवर बघा की, मशीन खोटं बोलत न्हाय!" तात्यांचा तर डेरीतल्या फॅटच्या मशीनवर सुदिक इस्वास! म्हणले, "व्हय, व्हय! जत्रंतला ढोल मशीन म्हणंल त्याच्या गळ्यात!"

गेलो तिघं दुकानात. सिद्धू बसला, टकटक टकटक, पास. मंग मी. पडद्यावर वरनं पट्ट्या पडणार, खाली टेकल्या की हाणायचं. आवो, ढोलवाल्यानं नाचणाऱ्यांच्या पायाकडं बघायचं का पट्ट्यांकडं? आन् आज हाणलं तर आवाज उद्या! मधी हौसंनं एक तुकडा जास्तीचा टाकला, तर शाबासकी ऱ्हायली बाजूला, मार्क कापले! खेळ हाय, मान्य... पर त्याला ढोल म्हणू नगा!

नापास. आबांनी मरायच्या आदी माझ्या गळ्यात घातलेला ढोल त्यो.

ताटली पुन्यांदा हाणून बघितली... ढब, ढब. म्हटलं, उतरलाय ह्यो, पान ढिलं पडलंय! आन् उतरलेला ढोल काय करत्यात? शेकत्यात! पेपर पेटवला, धरला खाली. रविंद्र बोंबलतोय, "आवो दादासो, रबर हाय त्ये, रबर!" तवर ताटली इरघळून आत जी बसली ती बसलीच, खालचं बटण दाबलेलंच ऱ्हायलं, आन् मशीन आपलं आपणच वाजाय लागलं! पट्टी पडली की बरुबर, पट्टी पडली की बरुबर... दिवं लागलं, टाळ्या वाजल्या, शंभरापैकी शंभर! आन् मी भाजलेली बोटं फुकत हुबा!

सिद्धूचं तोंड बघाय पायजे हुतं. तात्यांनी टोपी नीट केली. "मशीन म्हणंल त्ये. ढोल दादासोच्याच गळ्यात." मी पाया पडाय वाकलो, तर हळूच म्हणले, "पर हात लावू नगंस त्याला. वाजवलंस तवा नापास, न्हाय वाजवलंस तवा शंभर."

झाली परवा जत्रा. ढोल गळ्यात घिऊन मी म्होरं हुबा, आन् माझ्या पाठीमागनं सिद्धू दुसरा ढोल बडवतोय... समदं गाव म्हणतंय, औंदा दादासोचा ताल कुठंच सुटला न्हाय बघा!