अडतीस वर्षांची तान्ही

(हसनाबाद, जून २००८. पाराजवळ लसीकरणाचं शिबिर. तान्ह्या लेकीला घेऊन आलेली आई शिवकन्या, नर्स पुष्पाबाई आणि लसीच्या नोंदींचा मोबाइल प्रोग्राम बनवणारा शिवाजी.)

शिवकन्या : अडतीस? सिस्टर, मी स्वतः चोवीसची आहे. हिला आत्ता कुठे दोन दात आलेत.

पुष्पाबाई : दिसून राह्यलं ना मला. पण मोबाइल म्हणतो, मोठ्या माणसाला गोवराची लस न्हाई.

शिवकन्या : शेजारचं लेकरू गोवराने फणफणलंय. मी चार दिवस खिडकी उघडली नाही. आज लस घेतल्याशिवाय मी हलणार नाही.

पुष्पाबाई : शिवाजीभाऊ, तुमचा प्रोग्राम, तुम्हीच सांगा.

शिवाजी : जन्मतारखेच्या रकान्यात काय भरलं होतं?

पुष्पाबाई : यांच्या सासूबाईंनी सांगितलं तेच बराबर भरलं. ‘पोळ्याचा दुसरा दिवस’.

शिवाजी : मंग बघा! प्रोग्राम त्या अक्षरांची तारीख बनवायला जातो. न्हाई जमलं, की शून्य धरतो. मोबाइलचं शून्य म्हणजे एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, तिथून तो दिवस मोजतो.

शिवकन्या : जमलं नाही, असं सांगत का नाही तो?

शिवाजी : लोकांचा विश्वास उडतो, मॅडम.

शिवकन्या : खरी तारीख बारा सप्टेंबर. मागच्या वर्षीची. टाका.

शिवाजी : भरलेली तारीख बदलता येत न्हाई. खाडाखोड नको म्हणून मुद्दाम सोय केली. पुढच्या महिन्यात सुधारलेला प्रोग्राम येईल.

शिवकन्या : तोवर थांब म्हणून गोवराला कळवता का? ...दादा, तुमची जन्मतारीख काय हो?

शिवाजी : एक जून.

पुष्पाबाई : अगं बाई, माझीबी. आमच्या मालकांचीबी तीच!

शिवकन्या : आणि तुमच्या आई काय म्हणतात?

शिवाजी : आई... आई म्हणती, ऐन थंडीत, तुरी झोडायच्या दिवसांत झालो.

शिवकन्या : म्हणजे शाळेत नाव घालताना गुरुजींनाही जमलं नव्हतं. आणि त्यांनीही सांगितलं नाही.

पुष्पाबाई : पण गुरुजींच्या तारखेपायी कुणाची सुई न्हाई अडली. सप्टेंबर ते जून, नऊ म्हैने भरले. भाऊ, तो मोबाइल खिशात घाला. बाई, दंड धरा हिचा, बिलकुल हलू देऊ नका. ...झालं. रड माय, रड.

शिवाजी : सिस्टर, वर काय कळवू मी? अडतीस वर्षांच्या बाईला लहान लेकराची लस दिली?

शिवकन्या : कळवा. खाली शेरा लिहा, वयाच्या मानाने फार रडली.