लग्नाच्या गाडीला माझा हात

मी गव्हाणची, मिठागरवाल्यांची पोर. पत्रा, खिळा, फावडं, मीठ काय ठेवत नाय, समदं खातं, हे मी लहानपणापासून बघत आले. लगीन होऊन कामोठ्याला गेले आणि तिथनं नवऱ्याच्या मागं पनवेलला. नवरा लढाईच्या टायमाला लष्करी गाड्यांचं वायरिंग शिकला व्हता, त्यानं पुण्याच्या रस्त्याला लागून पत्र्याचं दुकान टाकलं, आणि मुंबयकडनं घाटाला जाणाऱ्या मोटारी, खाडीची हवा खाल्लेल्या, कुणाचा हॉर्न बंद, कुणाचा दिवा बंद, समद्या आमच्या दारात.

आता मी कशी शिकले विचारता, तर काय सांगू तुमाला, शिकवायला कुणी बसवलं नाय मला. नवरा गाडीखाली झोपायचा आणि मी वर बल्ब लावलेली वायर धरून उभी. तो बोलायचा, इथं लाव, पेटला का. मी बोलायची, नाय पेटला. मंग हळूहळू त्यानं इचारायच्या आधीच मी बोलायला लागले, तिथं काय बघता, बॅटरीच्या टोकाला बघा, पांढरं धरलंय. तो हसायचा, बोलायचा, तुला गाडीची नाडी कळते गं. चांगला माणूस व्हता. दारू नाय, मारणं नाय. काविळीनं गेला. अजून वायरीचा जोड सोडवताना त्याची आठवण येते, लई येते.

तो गेला तशा बायकांनी माज्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, आणि मोठा दीर बोलला, दुकान बंद कर, कामोठ्याला चल, शेतावर राब, भाकर मिळंल. मी बोलले, भाकर इथं पण मिळते. तो बोलला, रांडमुंड बाई भर रस्त्यात मोटारीत डोकं घालून उभी, आपल्यात असं कुणी केलंय का. मी बोलले, नसंल केलं, मंग मी करते. ट्रकवाले येत व्हते माज्याकडं. त्यांना दिवा पेटल्याशी मतलब, माजं कपाळ कोण बघतंय.

मंग एक दिवस दीर कुलूप घेऊनच आला. दारात उभा, बोलतो, आज तुला घेऊनच जातो. आमचं असं चाललेलं आणि तेवढ्यात चार माणसं लग्नाची गाडी ढकलत दारात घेऊन आली. मोठी काळी जुनी मोटार, झेंडूच्या माळा, आत नवरी, मुहूर्त तोंडावर आलेला. डायवर बोलला, बाई, येशीवर थांबलो, गावदेवीच्या नावानं गाडीवर नारळ फोडला, परत गाडीत बसलो तर सेल्फ फिरतो पण गाडी धरत नाय.

मी पाना घेऊन पुढं झाले तर नवरीची आत्या आडवी. हातभर चुडा, मोठं कुंकू. बोलली, थांब, कपाळ बघ तुजं, शुभकार्याच्या गाडीला तुजा हात नको. दीर मागनं बोलला, बघ, मी काय सांगत व्हतो. डायवर बिचारा मऊ माणूस, बोलला, बाई, तुमी लांबनं सांगा, मी करतो.

मी बोलले, नाय. हात लागंल तर माजा लागंल, नायतर गाडी इथंच ऱ्हाईल. आणि स्टुलावर जाऊन बसले. समदा बाजार गोळा झालेला. मला राग आला व्हता आणि रडू पण आलं व्हतं, पण रडले नाय. त्या दिवशी लांबनं सांगितलं असतं तर जलमभर लांबनंच सांगत बसले असते आणि दिरानं कुलूप घातलं असतं.

मंग नवरी खाली उतरली. एवढीशी पोर, अंगाला हळद. बोलली, आत्या, लगीन माजं हाय. मावशी, तुमी लावा हात. आत्या बोलली, अपशकुन व्हईल गं. पोर बोलली, आणि इथंच बसून म्हातारी झाले तर तो काय शकुन का.

बॉनेट उघडलं. समद्या प्लगांना करंट वाटणारा काळा डबा असतो, डिस्ट्रिब्युटर, तो बघितला तर ओला. झाकण काढलं, आतनं पण ओलं. बोट लावून जिभेला लावलं, तर गोड. मी इचारलं, नारळ कुणी फोडला. आत्या ताठ्यानं बोलली, मी, सवाष्णीच्या हातानं, बॉनेट उघडून थेट इंजिनावर, पयला मान त्याचा. मी झाकण तिच्या नाकासमोर धरलं. बोलले, हे बघा तुमच्या नारळाचं पाणी, ठिणगी त्याच्यातनं भलतीकडं पळते. सवाष्णीच्या हातानं बंद पडली, आता माज्या हातानं चालू व्हते का बघा. आणि फडकं बाजूलाच व्हतं तरी मुद्दाम माज्या पदरानं पुसलं, आतनं बाहेरनं, तार न् तार कोरडी केली. डायवरला बोलले, मार सेल्फ. गाडीनं लगेच धरलं.

पोर पाया पडली. आत्या गाडीत जाऊन बसली, तोंड फिरवून. गाडी गेली, माणसं पांगली, दीर तिथंच उभा. मी त्याच्या हातातनं कुलूप घेतलं, बोलले, बरं झालं आणलंत, संध्याकाळी मी घरी जाताना दुकानाला लावायला व्हईल. परत त्यानं इषय काढला नाय.

आता तो डायवर घाटापर्यंत सांगत सुटलाय का पनवेलला बाई हाय म्हणून. येतात लोक. कुणी अजून कपाळ बघून पुढं जातं. जाऊ दे, पुढं घाट हाय, तिथं बसतील ढकलत. तुमी लिहून घेताय तर माजा आशीर्वाद पण लिहा. तुमची गाडी कधी बंद पडू नये असं मी बोलणार नाय, माजं पोट त्याच्यावर हाय. पडली तर पनवेललाच पडू दे, आणि हात माजाच लागू दे.