लागोपाठ दोन फेऱ्या

साताऱ्याच्या स्टँडवर इस्लामपूरच्या गाडीची रांग लागली होती. आम्रपालीच्या पुढ्यात दोन म्हातारे उभे होते. पलटणीतून निवृत्त झालेले लालासाहेब परवाच सिंगापूरहून आले होते आणि त्यांचे दोस्त हिंदुराव त्यांना सुखानं उभं राहू देत नव्हते.

"पोरगं बोटीवर कामाला, म्हणून सवलतीत एकदा फिरलास, ते कळलं. पर उतरायच्या दिवशी परत त्याच बोटीत कशापायी बसलास रं?"

"एक चूक झालती, गड्या."

"कसली?"

"माझा पृथ्वीराज तितं वाढपी हाय. आमच्याच टेबलाला. जेवण झालं की मी आपलं ताट उचलून धुवाय निघालो. पलटणीतली सवय."

"त्यात काय चुकलं?"

"पाहुण्यानं ताट उचललं म्हंजे वाढपी कामचुकार, असं तितं धरत्यात. सायेब सगळ्यांदेखत बोलला त्याला. पोरगं खाली मान घालून उभं."

"आन् तू?"

"मी ताट धरून उभा."

"मग दुसऱ्या फेरीला?"

"तेच टेबल मागून घेतलं. हात मांडीवर ठिवून बसायचो. त्यानं ताट उचललं की थँक्यू म्हणायचो, सायबाला ऐकू जाईल असं."

"पोटच्या पोराला थँक्यू?"

"व्हय."

"त्यो काय म्हणायचा?"

"सहा दिवस म्हणला, 'वेलकम सर'."

"आन् सातव्या दिवशी?"

गाडी लागली. रांग पुढं सरकली. म्हातारे जागचे हलले नाहीत, आम्रपालीही नाही.

"सातव्या दिवशी ताट उचललंच न्हाई. म्हणला, 'आबा, आजून थोडा भात घ्या.' सायेब बाजूलाच हुता."