हिरवा दिवा, हवा उत्तम

...बरं, तक्रार करायची तर ती कशाची करायची, तुम्हीच सांगा! दिल्लीसारखं शहर, ऐन थंडी, सकाळी खिडकी उघडावी तर समोरचा ब्लॉकच दिसत नाही, नुसतं बत्राभाईसाहेबांचं खोकणं ऐकू येतं आणि त्यावरून कळतं की हो, समोर इमारत आहे अजून... अशा शहरात माझ्या घरातली हवा उत्तम! मी नाही म्हणत हं, मशीन म्हणतं. ते काय, सोफ्याशेजारी उभं असतं, पाहुण्यासारखं. पाहुणा निदान चहा तरी मागतो! कपाळावर एक दिवा. हिरवा म्हणजे हवा उत्तम, पिवळा म्हणजे चालेल, आणि लाल म्हणजे पळा. माझ्याकडे दिवसभर हिरवा. मी बसले, हिरवा. उठले, हिरवा. ह्यांच्या फोटोकडे बघून एकदा चांगली घळाघळा रडले, मान वर करून बघते तर काय... हिरवा दिवा, हवा उत्तम!

नाही, पण हे घरात आलं कसं ते ऐका. आमचे हे गेल्या थंडीत गेले. छातीचा विकार होता, त्यात ही हवा. मुलगा मेलबर्नला. नाव पुनीत, पण आमच्या जनकपुरीत त्याला पुनीत म्हणून हाक मारलीत तर कुणी ओळखणार नाही, तो शंटी. चाळिशी आली, टक्कल पडलं, तरी शंटी. तर ह्या दिवाळीनंतर शंटीचा फोन आला, "मम्मी, तुला हवा साफ करायचं मशीन घ्यायचं." मी म्हटलं, "पुत्तर, जन्मभर हीच हवा खाल्ली, आता पथ्य कशाला?" तो म्हणाला, "नाही मम्मी, ह्या बाबतीत मी तुझं ऐकणार नाही. उद्या पुन्हा फोन करतो, आपण नीट बघून निवडू."

उद्या पुन्हा फोन करतो! ऐकलंत ना? जो मुलगा रविवारच्या रविवारी पाच मिनिटं बोलणार, तो उद्या फोन करणार! आणि केला की हो! परवाही केला! रोज एका मशीनचा फोटो पाठवायचा आणि मग फोन, "मम्मी, हे कसं वाटतं?" आता मी काय वेडी आहे, लगेच हो म्हणायला? पांढरं होतं, मी म्हटलं, मळेल. काळं होतं, म्हटलं, कचऱ्याचा डबा वाटतो. एक गोल होतं, म्हटलं, बाई गं, मी विसरून ह्यात पीठ भरून ठेवीन. एक तर इतकं छान होतं की त्यात खोट काढायला मला रात्रभर विचार करावा लागला, आणि सकाळी सांगितलं, "शंटी, ह्याच्या चेहऱ्यावर भाव चांगले नाहीत."

दुकानातसुद्धा जाऊन आले. असं बघा, दुकानात जाऊन आल्याशिवाय फोनवर सांगायला मजकूर कुठून आणायचा? तिथला विक्रेता तोंडात खडीसाखर ठेवून बोलत होता, "आंटीजी, हे बघा, धूळ ओढून घेतं, धूर ओढून घेतं, मांजराचे केस ओढून घेतं." मी म्हटलं, "माझ्याकडे मांजर नाही." तो म्हणाला, "असतं तर ओढले असते, आंटीजी!" पुढे विचारतो, "घरात माणसं किती? त्यावरून साइज ठरते." मी म्हटलं, "एक." तर हा बाबा सगळ्यात लहान मशीन दाखवायला लागला. इतकं लहान! मला वाईट वाटलं हो. मी म्हटलं, "जरा मोठं दाखव, कुणी आलं-गेलं तर?"

सांगायचं काय, चांगले दिवस चालले होते. पण तिकडे सून वैतागली. "तुमच्या मम्मीला ह्या जन्मी पसंत पडायचं नाही," असं म्हणाली असणार... मी ऐकलं नाही, पण मी असते तर हेच म्हटलं असतं. आणि एक दिवस घंटी वाजली, दारात खोकं. लावलं. शंटीचा फोन. "मम्मी, दिवा कुठला?" "हिरवा." "शाब्बास!" आणि ठेवला. शाब्बास मला की मशीनला, ते काही कळलं नाही. त्यानंतर पुन्हा आपले रविवार. "मम्मी, ठीक?" "ठीक." "हवा?" "उत्तम." झालं बोलणं. घर एवढं शांत की त्या मेल्या मशीनचा श्वास ऐकू यायचा मला. माझा नाही, त्याचा!

आणि मग एका मंगळवारी डाळीला फोडणी दिली. सुकी मिरची जरा करपली. बाहेरच्या खोलीत बघते तर मशीन लालबुंद! घूंऽऽऽ करून असं ओरडायला लागलं, जणू त्याच्याच पाठीत कुणी फोडणी ओतली. मी पदराने, म्हणजे दुपट्ट्याने, वारा घालतेय, आणि तेवढ्यात फोन! "मम्मी! काय जळतंय?" मी थक्क! म्हटलं, "तुला मेलबर्नपर्यंत वास आला?" तो म्हणाला, "वास नाही गं, माझ्या फोनवर दिसतं सगळं. लाल झालं की घंटी वाजते."

लाल झालं की घंटी वाजते...! तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला जे ज्ञान झालं ना, ते ऋषिमुनींना झाडाखाली बसूनसुद्धा झालं नसेल. बुधवारी मेथीचे पराठे, चांगले धूर काढून. "मम्मी, आता काय?" "पराठे, पुत्तर. तू काय जेवलास?" गुरुवारी भरली वांगी. शुक्रवारी वांगं भाजूनच काढलं, मशीनच्या नाकासमोर. समोरच्या कमलेशला, बत्राभाईसाहेबांच्या बायकोला, विश्वासात घेतलं. ती अशा कामात पुढे. "बहनजी, आज मिरचीची भजी तळू या, हा लाल नाही झाला तर नाव बदलीन!" दोघी तळायचो, दोघी खोकायचो, आणि फोन वाजला की ती मला कोपराने ढोसायची, "घे, आला तुझा लाल!"

पण अति तिथे माती. मला मागाहून कळलं, एकदा शंटी मोठ्या साहेबांपुढे बसला होता आणि इकडे माझं वांगं भाजत होतं. त्याच्या खिशात घंटी. बंद केली, पुन्हा घंटी. रविवारी नेहमीसारखी विचारपूस करून ठेवला. पण सोमवारी मी अख्ख्या पुड्याच्या उदबत्त्या एकदम लावल्या, दिवा लाल, मशीन बोंबलतंय, आणि फोन... नाही. मिरच्या टाकल्या तव्यावर. नाही. खोलीत मला माझा हात दिसेना. शेवटी मीच केला. तर म्हणाला, "मम्मी, ती घंटी मी बंद केलीय. काळजी नको करूस, लाल झालं की मशीन आपोआप जोर लावतं. तुला काहीच करावं लागत नाही." मला रडू आलं. कमलेशला म्हटलं, धुरानं आलं. तीही म्हणाली, "हो हो, धूरच फार आहे." शहाणी आहे ती. पंधरा मिनिटांत सगळा धूर गिळून मशीन गप्प. हिरवा दिवा, हवा उत्तम.

आता ह्यात बत्राभाईसाहेब शिरले. निवृत्त माणूस, टेलिफोन खात्यातला, हाताला स्वस्थता नाही. म्हणाले, "भाभीजी, ह्या खेळण्यावर पैसे कशाला घालवलेत? मी बनवतो!" जुन्या कूलरचा पत्र्याचा सांगाडा, त्यातला तोच पंखा, आणि पुढे ट्रकला लावतात ती हवेची जाळी, सुतळीनं बांधलेली. माझ्या नको नको म्हणण्याकडे दुर्लक्ष करून घरात आणून ठेवला. खोलीत जाड प्लगची जागा एकच. त्यांनी शंटीच्या मशीनचा प्लग काढला, आपला घुसवला, बटण दाबलं... आणि विमान सुटलं हो! वर्तमानपत्र उडून जाळीला चिकटलं, टेबलावरचा रुमाल चिकटला, मी जवळ गेले तर दुपट्टा चिकटला! भाईसाहेब ओरडतायत, "दहापट ताकद! दहापट!" मग त्यांच्या लक्षात आलं की एक तार कमी पडतेय, ती आणायला ते बाजारात गेले. जाताना म्हणाले, "बंद करू नका, गरम व्हायला हवा." त्या आवाजात डोकं उठायची वेळ! मी आपली मटारची पिशवी घेतली, दार ओढून घेतलं, त्याचं कुलूप आतलं, बाहेरून दिसत नाही, आणि बागेत बाकावर जाऊन सोलत बसले. हवा बाहेर भयंकर. पण तिथे माणसं असतात. फोन राहिला घरी.

परत आले तर जिन्यात ही गर्दी! माझ्या दारापुढे कॉलनीचा गार्ड काठी घेऊन, किल्लीवाला हातोडा घेऊन, आणि कमलेश जमिनीवर बसून छाती बडवतेय, "हाय माझी सुदेश! कालच म्हणाली, मुळ्याचे पराठे करू या!" आतून घूंऽऽऽ घूंऽऽऽ. गार्ड म्हणतो, "आत कुणीतरी गुरगुरतंय." मी मागून विचारलं, "काय झालं?" कमलेश मागे न बघता म्हणते, "सुदेश गेली!" मी म्हटलं, "कुठे?" आणि मग सगळे वळले. कमलेशनं अशी किंकाळी फोडली की माझ्या हातातले मटार जिन्यावरून खाली पोचले. मग उठून तिनं मला मिठी मारली, मग दोन चापट्या मारल्या, आणि मग आपला फोन माझ्या कानाला लावला. "घे. कधीपासून रडतोय."

शंटी होता. रडत होता हो! एवढा टक्कल पडलेला माणूस. "मम्मी, दिवा गेला... मशीन दिसेचना... तू फोन उचलेनास... पप्पांच्या वेळीही असंच कुणी फोन उचलत नव्हतं, मम्मी." खरं होतं ते. त्या दिवशी आम्ही सगळे हॉस्पिटलात, फोन घरी वाजत होता. मी जिन्यातच बसले. म्हटलं, "पुत्तर, प्लग काढला होता फक्त. पण तुला कसं कळलं? घंटी तर तू बंद केलीस ना?"

तर तो काय म्हणाला, ऐका. म्हणाला, "घंटी बंद केली, बघणं कुठे बंद केलं? रोज बघतो. तुझ्याकडे सकाळ होते तेव्हा माझी जेवायची सुट्टी असते. दिवा थोडा वेळ पिवळा होतो, तुझी फोडणी पडली की. मला कळतं, मम्मी उठली. मग मी डबा उघडतो."

मी म्हटलं, "मग फोन का नाही करत रे?"

"कळतं ना मम्मी, तू ठीक आहेस."

आता बोला! म्हणजे मी इकडे फोनकडे डोळे लावून बसलेली, आणि तो तिकडे माझ्या फोडणीकडे डोळे लावून बसलेला. त्याच्या हिशेबी आमचं रोज बोलणं होत होतं. फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं! चिडावं तरी कसं? चिडले थोडी. मग त्यानं पप्पांची शपथ घातली, प्लग पुन्हा काढायचा नाही. घेतली शपथ. त्यानंही मशीन बंद पडलं तरच वाजेल अशी घंटी लावून घेतली. पत्र्याचं विमान परत गेलं भाईसाहेबांच्या गच्चीत, तिथे कबुतरं बसतात त्यावर.

तेव्हापासून सकाळी आळस करायची सोय राहिली नाही. ताप असो, उपास असो, उठायचं आणि कढईत जिरं-मोहरी टाकायची, खायला कुणी असो-नसो. नाहीतर तिकडे पोरगं उपाशी राहायचं. दिवा पिवळा झाला की मी त्याला सांगते, "उठले रे. जेव आता." मशीनला सांगते! कमलेशनं एकदा पाहिलं, दुसऱ्या दिवशी हिंग आणून दिला.

आणि मग मध्ये एकदा लाइट गेली. खरीखुरी, ट्रान्सफॉर्मर उडाला. मशीन बंद, आणि लगेच फोन! शपथही मोडली नाही आणि फोनही आला! काय बोललो, काय बोललो... त्याच्या शाळेतले मास्तर काढले, ह्यांचं स्कूटर ढकलणं काढलं, मुळ्याचे पराठे कसे लाटायचे ते त्यानं लिहून घेतलं. अंधार कसा, अगदी लग्नघरासारखा वाटत होता. मग खटकन लाइट आली, आणि हा म्हणतो, "अरे वा मम्मी, हिरवा दिसला! चल, ठेवतो."

त्या दिवसापासून वाट बघतेय. पण ही मेली लाइट जाईल तर शपथ! आमचं अख्खं तारुण्य अंधारात गेलं, जून महिन्यात गच्चीवर झोपलो, वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडली... आणि आता म्हातारपणी चोवीस तास लाइट! शेवटी परवा मीच वीज कंपनीला फोन लावला. एक मुलगी बोलली, गोड आवाजात, "मॅडम, आपल्याकडे लाइट गेलीय का?" मी म्हटलं, "नाही गं, जातच नाही." ती म्हणाली, "मग तक्रार काय लिहून घेऊ?"

मी म्हटलं, "हीच."

बिचारी म्हणाली, "मॅडम, सगळं सुरळीत आहे," आणि ठेवला. खरंच आहे तिचं. हिरवा दिवा, हवा उत्तम.